लटारू माळ्याचे पसाभर तांदूळ

हे विश्वंभरा, बीजाच्या अंधारात जागणाऱ्या, तुला नमस्कार. तूच मुळांत ओल होऊन उतरतोस, तूच खोडात बळ होऊन चढतोस, तूच पानापानांत सावली होऊन पसरतोस. आणि वैशाखातल्या एखाद्या दुपारी तूच वारा होऊन येतोस आणि स्वतः उभे केलेले स्वतःच आडवे करतोस. तुझ्या देण्याचा अर्थ आम्हांला थोडाफार कळतो. तुझ्या नेण्याचा अर्थ कळत नाही. त्या न कळणाऱ्या अर्थापुढे माथा टेकून तुझ्या एका साध्या सेवकाची हकीकत सांगायला बसलो आहे. वाणी जड झाली तर सांभाळून घे. आणि जिथे माझा स्वतःचा दोष येईल, तिथे तिला अडखळू देऊ नकोस.

त्या सेवकाचे नाव लटारू. चांदा जिल्ह्यात सिंदेवाहीपासून दोन कोसांवर खैरटोला नावाची वस्ती आहे. तिथल्या माळ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांकडून वारशात मिळाले ते एवढेच: एक कुऱ्हाड, एक करवत, अंबाडीचा तीस हात दोर आणि झाडाचे ऐकण्याचा कान. शेत नव्हते. लोकांच्या अंगणातली, परसातली झाडे सांभाळणे हाच त्यांचा धंदा आणि हीच त्यांची पूजा. जंगलातले झाड आपले आपण वाढते आणि आपले आपण पडते. पण घराशेजारचे झाड माणसाच्या छपरावर हात ठेवून उभे असते. तो हात आशीर्वादाचा राहावा, घाताचा होऊ नये, एवढ्यासाठी लटारूभाऊ उन्हातान्हात गावोगाव फिरत.

आमच्या भागातला उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे. माघ सरला की बोड्यांचे, म्हणजे गावतळ्यांचे, पाणी तळाला जाते, मातीला तडे पडतात, आणि लोक प्रेमापोटी झाडाचे नुकसान करू लागतात. सिंदेवाहीचे गुणवंतराव मास्तर रोज सकाळी आपल्या कलमी आंब्याच्या बुंध्याशी चार घागरी ओतत आणि तरी आंबा वाळत होता. लटारूभाऊंना बोलावले. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "मास्तर, तुमी तहान लागली का पाणी पायावर ओतून घेता?"

"म्हणजे काय गा?"

"झाडाचं तोंड इथी नाई. दुपारी सावली जिथी सरते, तिथी त्याचं तोंड. तिथी गोल आळं करा. इथी ओतून ओतून तुमी बुड सडवून राह्यले. आन हे जळतन बुंध्यापासून उचला. उदईले तुमी शिडी लावून देली."

मास्तरांच्या घरातून बाई हसल्या. "पोट्टे शिकवून राह्यलात तीस वरसं, आन आंब्याचं तोंड कुठी ते ठाऊक नाई!"

मास्तरही हसले. वाळवीला वाट देणारे बुंध्याशी रचलेले सरपण उचलले गेले, आळे दूर सरकले. लटारूभाऊंनी आंब्यावर चढून फांद्यांचा रस पिणारी बांडगुळे मुळासकट काढली, वाळलेले टोक छाटले, आणि तिसऱ्या वर्षी त्या आंब्याने मोहर धरला.

त्यांची काम करण्याची रीत मी स्वतः पाहिली आहे. आधी ते झाडाला प्रदक्षिणा घालत. मग कुऱ्हाड उलटी धरून तिच्या बोथट तुंब्याने खोडावर ठोकत आणि खोडाला कान लावत; गुडघ्याच्या उंचीवर, छातीच्या उंचीवर, आणि वर चढून फांदीच्या बेचक्यात. निरोगी लाकूड ठाम बोलते. पोखरलेले लाकूड मडक्यासारखे बोलते. मोठी फांदी उतरवायची तर आधी ती वरच्या बेचक्यातून दोराने बांधायची. मग खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे तुटताना ती खोडाची साल ओरबाडत नाही. नंतर दोर सैल सोडत सोडत ती पाळण्यातल्या लेकरासारखी जमिनीवर निजवायची. उघड्या जखमेवर चुना, गेरू आणि शेण यांचा लेप द्यायचा. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून छपराचे एक कवेलू, म्हणजे कौल, फुटल्याचे कोणी सांगत नाही.

आणि एक नियम होता. वडिलांनी घालून दिलेला, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. जिवंत झाडावर घाव घालण्यापूर्वी घरधन्याने पसाभर तांदूळ आणि एक हळकुंड लटारूभाऊंच्या शेल्यात घालायचे आणि तोंडाने म्हणायचे, "घाव तुझा, भार माझा." हे तांदूळ म्हणजे मजुरी नव्हे. मजुरी वेगळी. झाड तोडण्याचे पाप घरधन्याने आपल्या शिरावर घेतल्याची ती खूण. तांदूळ घेतल्याशिवाय जो माळी जिवंत झाडाला लोखंड लावील, त्याच्या लेकराबाळांवर तो घाव उलटतो, असे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. लटारूभाऊंनी हा नियम एकदाही मोडला नव्हता. मोडणार तरी कसा? त्यांना एकच लेकरू होते.

तिचे नाव भागीरथा. आई तिच्या चौथ्या वर्षी गेली. तेव्हापासून ती बापाबरोबर गावोगाव हिंडली. बाप झाडावर, लेक खाली दोराचे टोक धरून उभी. "सैल!" म्हटले की सैल, "ताण!" म्हटले की ताण. लोक म्हणत, लटारूचा दोर बोलतो. दोर बोलत नव्हता. भागीरथा ऐकत होती. झाड ठोकून पोकळी ओळखण्यात ती बापाच्या बरोबरीची झाली होती.

सोळाव्या वर्षी तिचे लग्न सावरबोडीच्या देवाजींचा मुलगा घनश्याम याच्याशी झाले. खैरटोल्यापासून सावरबोडी तीन कोस. देवाजींचे घर धानशेतीचे, खाऊनपिऊन सुखी. सासू गुणाबाई तोंडाने फटकळ, पण हाताने मायाळू. दोन वर्षांनी भागीरथेला मुलगी झाली, तिचे नाव कुंता. लेकीच्या सुखाने बाप तृप्त होता. पण त्यांच्या कुळात दुसराही एक कडक नियम होता: लेक दिली त्या घरचे काही घ्यायचे नाही. अन्न नाही, दाणा नाही, पाण्याचा घोटदेखील नाही. लेकीला भेटायला जायचे तर लटारूभाऊ भाकर बांधून नेत आणि दुसऱ्या आळीतल्या विहिरीवर पाणी पीत. गुणाबाई चिडवीत, "इवाई, आमच्या पाण्यात काय माशा पडल्या का गा?" ते हात जोडून म्हणत, "इहीणबाई, कन्या देली. देल्ल्या दानाच्या घरून घोट कसा घेऊ?"

श्रोतेहो, हे दोन्ही नियम ध्यानी ठेवा. एकात घेतल्याशिवाय घाव घालायचा नाही. दुसऱ्यात घ्यायचेच नाही. दोन्ही प्रेमातून जन्मलेले, दोन्ही सरळ. एका माणसाच्या गळ्याभोवती त्या दोघांची गाठ बसेल, असे कोणाच्याही मनात आले नव्हते.

सन एकोणीसशे चौपन्नचा चैत्र. हनुमान जयंतीला सावरबोडीच्या मारुतीपुढे माझे कीर्तन होते. लटारूभाऊ ऐकायला आले होते. त्या दिवशी मी सत्त्व राखणाऱ्या एका राजाचे आख्यान लावले होते. राज्य गेले, घर गेले, पण नेम सोडला नाही. लोक रडले. लटारूभाऊ खांबाला टेकून रडत होते, ते मला अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लेकीला भेटायला गेले. देवाजींच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, एक जुनी चिंच होती. तिची एक जाड फांदी स्वयंपाकघरावर पसरलेली, दुसरी ओसरीवर. सवयीने लटारूभाऊंनी कुऱ्हाड उलटी करून खोडाला ठोकले. कान लावला. पुन्हा ठोकले. मग वर चढून स्वयंपाकघराकडच्या फांदीच्या बेचक्यात ठोकले, आणि खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

भागीरथा दारात उभी होती. पदराला धरून कुंता. ती हळू आवाजात म्हणाली, "मडक्यावानी बोलते ना, बा?"

"तुले ठाऊक हाये?"

"पौषातच ठोकून पायलं मी."

"मंग सांगतलं काऊन नाई, माय?"

तिने आधी ओसरीकडे पाहिले. मग म्हणाली, "सांगतलं असतं त तू काय केलं असतं? तांदूळ घेतले नाई त घाव माह्यावर. घेतले त दान मोडलं. तुले रातभर झोप नसती आली. म्हून नाई सांगतलं."

बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते ओसरीवर देवाजींकडे गेले.

"इवाई, चिंच पोकळ झाली. सैपाकाच्या खोलीवरची फांदी उतरवा लागते. वादळाच्या अगुदर."

देवाजी मोकळ्या मनाचा माणूस. "मंग चढा ना. तुमच्यापरस जाणता कोण हाये? गुणा, तांदूळ आण वं!"

गुणाबाई सूप घेऊनच आल्या. लटारूभाऊ दोन पावले मागे सरले.

"मी नाई घेऊ शकत, इहीणबाई."

"आता पाह्य! पाणी नाई, भाकर नाई, आता पापाचे तांदूळई नाई! मंग चिंचेले काय तोंडानं चावता?"

"तसाच चढलो त घाव लेकीवर जाते. सोमाजीले बलावतो. मीच शिकवला त्याले. तो तुमच्या हातचे तांदूळ घेईन."

"आमच्या गड्यायले चढवू का?" देवाजींनी विचारले.

"नोका. येड्यावाकड्या घावानं फांदी छपरावर येईन, आन गडी तिच्यासंग."

सोमाजी त्या वेळी एटापल्लीकडे जंगलकटाईच्या कामावर गेला होता. निरोप धाडायला दोन दिवस, यायला दोन दिवस, मालकाने सोडले तर. लटारूभाऊ तिथून थेट देवळात माझ्याकडे आले. माझी दमणी जुंपलेली होती. पुढच्या गावी संध्याकाळी उभे राहायचे होते. त्यांनी सगळे सांगितले आणि विचारले, "महाराज, दोनातला एक नेम मोडू का? तुमी म्हनान तसं करतो."

मी काय म्हणालो ते लिहितो. आदल्या दिवशीचे माझेच शब्द माझ्या कानात घुमत होते. मी म्हणालो, "लटारूभाऊ, पिढ्यांचा नेम घाईने मोडू नये. सोमाजीला निरोप धाडा. अखाजीपर्यंत येईलच. मारुतीराया तोवर फांदी धरून ठेवील." एवढे बोलून मी दमणीत बसलो. चिंच पाहायला गेलो नाही. खोडाला कान लावून पाहिला नाही. देवाच्या नावाने मी असा जामीन राहिलो की ज्याबद्दल देवाने मला काही सांगितलेले नव्हते.

लटारूभाऊंनी माझा शब्द मानला. मानला, तरी ते स्वस्थ बसले नाहीत. घाव न घालता जेवढे करता येईल तेवढे त्यांनी केले. सागाच्या तीन बल्ल्या आणून फांदीखाली टेके लावले. वरच्या फांदीला दोर बांधून भार वाटून दिला. लेकीला बजावले, "त्या खोलीत चूल पेटवजो नोको. ओसरीवर रांध." भागीरथेने चूल ओसरीवर हलवली. सोमाजीचा निरोप आला: अखाजी झाली की दुसऱ्या दिवशी निघतो. लटारूभाऊ दिवस मोजू लागले. रोज सकाळी पूर्वेकडचे आभाळ पाहत. आभाळ कोरडे होते, तापलेल्या तव्यासारखे. अठरा दिवसांतले सतरा दिवस पान हलले नाही.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. त्या दिवशी आमच्याकडे घरोघर नव्या मातीच्या घागरीत पाणी भरून पितरांच्या नावाने पूजा होते आणि पुरणाचा घास ठेवतात. गुणाबाईंच्या घरात हा घास जुन्या चुलीवरच शिजायचा. त्याच चुलीवर त्यांच्या सासूने, सासूच्या सासूने शिजवलेला.

भागीरथा म्हणाली, "आत्याबाई, बा नाई म्हणाला होता."

"एका दिसानं काय होते वं? पितर उपाशी जातीन त्याचं काय? आभाळात ढगाचा तुकडा नाई."

सुनेने सरपण आणून दिले. चूल पेटली. पुरण शिजले, घागर पुजली, घरचे सगळे जेवले. लाकडे विझवलेली नव्हती. संध्याकाळच्या चहाला विस्तव राहू द्यावा म्हणून निखारे राखेखाली ठेवले होते.

तिसऱ्या प्रहरी बोडीच्या बाजूने धुळीची भिंत उठली. बघता बघता ऊन गेले. अंगणातली खाट उलटली, गोठ्याचे गवत उडू लागले. स्वयंपाकघर आणि गवती गोठा यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती, आणि वाऱ्याने दार आपटून चुलीतले निखारे उघडे पडले होते. ठिणग्या उडताना भागीरथेला दिसल्या. गोठ्यात दोन बैल, एक गाय, आणि गोठ्याला लागून सगळे घर. तिने कुंताला सासूकडे ढकलले, ओसरीवरची पाण्याची बादली उचलली आणि आत गेली.

"भागी, येऽ! भागी!" गुणाबाई ओरडल्या.

आतून निखाऱ्यांवर पाणी पडल्याचा आवाज आला. आणि लगेच तो दुसरा आवाज.

फांदी बेचक्यातून तुटली, टेक्यांच्या अलीकडे, जिथे ती पोकळ होती तिथेच. सागाच्या तिन्ही बल्ल्या वादळ सरल्यावर जशाच्या तशा उभ्या होत्या. कवेलू, वासे, माती, आणि त्यांवर ती फांदी. घनश्याम आणि देवाजी यांनी हातांनी ढिगारा उपसला. विस्तव पूर्ण विझला होता. गोठा वाचला, बैल वाचले, घर वाचले. भागीरथा वाचली नाही.

त्याच प्रहरी खैरटोल्यात लटारूभाऊ आपल्या वडिलांच्या नावाने घागर पुजत बसले होते. ज्यांनी तो तांदळांचा नेम शिकवला त्या वडिलांच्या नावाने. वादळाचा पहिला झोत आला तेव्हा ते पूजा अर्धी टाकून उठले आणि सावरबोडीच्या वाटेला लागले. अर्ध्या वाटेत सायकलवरून येणारा माणूस भेटला. तो माणूस खाली उतरला आणि डोक्याचा शेला काढून उभा राहिला. लटारूभाऊ धावत सुटले.

पुढचे मला गुणाबाईंनी सांगितले. त्या सांगत होत्या आणि पदराने तोंड झाकत होत्या.

तिसऱ्या दिवशी राख सावडून लोक परतले. अंगणात पाऊल ठेवताच लटारूभाऊंनी वर पाहिले. चिंचेची दुसरी फांदी ओसरीवर होती. एक बाजू हलकी झाल्याने खोड ओसरीच्या बाजूला कलले होते, आणि ओसरीत कुंता खाटेवर निजली होती. त्यांनी मुलगी उचलून देवाजींच्या हाती दिली आणि कुऱ्हाड मागितली.

एवढ्यात सोमाजी पोहोचला. खांद्यावर दोर, पायांवर एटापल्लीपासूनची धूळ. अंगणातली माणसे पाहून तो जागीच थांबला. मग पुढे येऊन म्हणाला, "गुरू, मी चढतो."

"नाई. तू दोर धर." त्याच्या खांद्यावरचा दोर उतरवत ते म्हणाले, "सैल म्हटलं का सैल सोडजो. तिच्यावानी."

देवाजी डोके धरून बसले होते. घरधन्याने शब्द बोलायचे, तर त्यांना शब्द फुटेना. गुणाबाई आत गेल्या. पडक्या घरातून त्यांनी तांदळाचे मडके शोधले. पसाभर तांदूळ आणि हळकुंड घेऊन त्या बाहेर आल्या आणि लटारूभाऊंसमोर उभ्या राहिल्या.

ते सवयीने मागे सरले. "लेकीच्या घरचं घेत नाई, इहीणबाई."

गुणाबाई म्हणाल्या, "लेक कुठी हाये आता?"

लटारूभाऊंनी खांद्यावरचा शेला काढला आणि दोन्ही हातांनी पुढे पसरला. तांदूळ पडले. "घाव तुमचा," गुणाबाई म्हणाल्या, "भार माहा. सगळा माहा."

ते शेल्यातल्या तांदळांकडे पाहत राहिले. "हेच तांदूळ, इहीणबाई. तवाई हेच होते. याच सुपात होते."

मग ते चढले. वय छप्पन्न, तीन दिवसांचा उपास, तरी चढले. वरच्या बेचक्यातून दोर घातला, आधी खालून कापले, मग वरून. फांदी कुरकुरली, कलली, दोरावर आली. "सैल," ते म्हणाले. सोमाजीने दोर सोडला. एक कवेलूही न हलवता फांदी अंगणात निजली. त्यांनी जखमेवर चुना आणि गेरू लावला. पोकळीतली कुजकी भुकटी खरडून काढली. मग एकामागून एक उरलेला सगळा भार उतरवला, आणि छातीइतके खोड तेवढे ठेवले. आयुष्यात केले नव्हते इतके ते काम सुबक झाले, असे सोमाजी म्हणतो.

खाली उतरल्यावर ते ओसरीच्या पायरीवर बसले. ओठ सुकले होते. म्हणाले, "पाणी द्या."

आठ वर्षांत त्या घरी त्यांनी हे कधी मागितले नव्हते. गुणाबाईंना उठवेना. कुंता, सहा वर्षांची, तांब्या भरून घेऊन आली. अर्धे पाणी तिच्या परकरावर सांडले. आजोबांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला. लेकीच्या घरचे पाणी, लेक नसलेल्या घरात, ते घोट घोट करून सगळे प्यायले. पिऊन झाल्यावर रडले.

मला कळले तेव्हा दहावा दिवस होता. सावरबोडीला गेलो. त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "लटारूभाऊ, मी तुम्हांला थांबवले. हा दोष माझा." त्यांनी मला उठवले. म्हणाले, "महाराज, तुमी झाड पायलंच नाई, तुमाले कसं ठाऊक असन? झाड त माह्याशी बोललं होतं. मी झाडाचं आयकलं, आन माणसाचं मानलं." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोसायला सोपे गेले असते.

त्यानंतर चार वर्षे झाली. ते आख्यान मी पुन्हा लावलेले नाही. लटारूभाऊ अजून झाडे सांभाळतात. चढतो सोमाजी, दोर धरतात ते. नियम त्यांनी सोडला नाही, पण थांबणे सोडले. वाटेने जाताना एखाद्या अंगणातले झाड डोळ्यात भरले की न बोलावता आत शिरतात, ठोकतात, आणि सांगतात, "आज." घरधनी म्हणतो, बाजार होऊ द्या, लग्नकार्य सरू द्या, सण जाऊ द्या. लटारूभाऊ वाद घालत नाहीत. त्या फांदीच्या बरोबर खाली जाऊन मांडी घालून बसतात. ऊन चढते, घरची बाई जेवायला बोलावते, ते हलत नाहीत. शेवटी घरधनी ओशाळून तांदूळ घेऊन येतो. गेल्या वैशाखात सिंदेवाहीच्या एका घरी ते असे दीड दिवस बसले. तिसऱ्या दिवशी वादळ आले तेव्हा त्या ओसरीवर पाळणा होता आणि छपरावर फांदी नव्हती, मोकळे आभाळ होते. पाळण्यातल्या बाळाच्या आईला त्यांचे नावही ठाऊक नव्हते.

खैरटोल्यात त्यांच्या घरी आढ्याला एक कापडाची पोटली टांगलेली आहे. गुणाबाईंचे तांदूळ. शिजवले नाहीत, वाहिले नाहीत, कोणाला दिले नाहीत. एकदा मी विचारले, यांचे काय करणार. म्हणाले, "ठेवले हायेत. आत पाय ठेवला का दिसते."

दर अखाजीला ते आता सावरबोडीला जातात. गुणाबाई त्या दिवशी ओसरीवर नवी घागर पुजतात, आणि तिच्यातला पहिला तांब्या लटारूभाऊंना देतात. कुंता दहा वर्षांची आहे. परवा ती शेजारच्या कडुनिंबाला दगडाने ठोकून कान लावून उभी होती, असे देवाजी सांगत होते. हसावे की रडावे हे त्यांना कळले नसावे.

हे विश्वंभरा, ज्याने तुझ्या झाडांच्या जखमा आयुष्यभर लिंपल्या, त्याच्या या एका जखमेवर तूच लेप दे. दुसरा कोणाचा हात तिथवर पोहोचत नाही. लटारूभाऊंच्या हातातला दोर त्यांच्या अखेरच्या दिवसापर्यंत बळकट राहो. भागीरथेला तुझ्या अशा अंगणात ठेव, जिथली झाडे आतून भरीव आहेत. गुणाबाईंनी शिरावर घेतलेला भार हलका कर, देवाजींची ओसरी नांदती ठेव, घनश्यामच्या घरात दिवा लागू दे. आणि त्या लहान कुंताचा कान असाच जागा ठेव. तिला जे ऐकू येईल ते मोठ्याने सांगण्याचे बळ दे, आणि तिचे ऐकून त्याच दिवशी उठणारी माणसे तिच्या भोवती असू दे. त्या दोन्ही घरांवर, खैरटोल्याच्या आणि सावरबोडीच्या, तुझी सावली राहो, आणि ती सावली कधी न तुटो.